पुरणाची पोळी आणि वाड्याबाहेरचा माणूस

पुरणपोळी हे महाराष्ट्राचे पक्वान्न आहे, असे पाकशास्त्राच्या पुस्तकांनी ठरवून टाकले आहे. यातला महाराष्ट्र कोणाचा, हा प्रश्न ती पुस्तके विचारीत नाहीत. दुसऱ्या बाजूला आमच्याच चळवळीतील काही कार्यकर्ते म्हणतात की पोळी हा देवाचा नैवेद्य आहे, बौद्धाने ती करू नये. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. कोणत्याही पदार्थाचा विचार करताना तो कोणत्या जिनसांचा होतो आणि ते जिन्नस कोणाच्या घरात होते, येथूनच सुरुवात केली पाहिजे.

आमच्या परभणी भागातली कृती सर्वांना ठाऊक आहे. हरभऱ्याची डाळ शिजवून पाणी निथळायचे, डाळीत गूळ घालून आटवायचे, पाट्यावर वाटायचे, वेलदोडा-सुंठ घालायची आणि कणकेच्या उंड्यात भरून पोळी लाटायची. निथळलेल्या पाण्याची येळवणी होते. वर तूप, सोबत दूध. दूध नसेल तर गुळवणी. याच पुरणाचे अधिक महिन्यात जावयासाठी धोंडे होतात. खानदेशात पोळी हातावर वाढवून पालथ्या खापरावर भाजतात. विदर्भातली पोळी जाड, पुरणाने गच्च भरलेली असते. गुजरातेत तुरीच्या डाळीची वेढमी, कर्नाटकात होळिगे किंवा ओबट्टू, आंध्रात बोब्बट्लू. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मांडे-पोळ्यांचे वर्णन आहे. ते येते राजाच्या अन्नभोगात. मुलूख बदलला की डाळ बदलते, भाषा बदलली की नाव बदलते. पंगतीला कोणी बसायचे आणि कोणी बाहेर थांबायचे, हे मात्र सर्वत्र सारखेच राहिले.

परभणीची काळी जमीन ज्वारीची. रोजचे अन्न भाकरी. गव्हाला स्वतःचे शेत हवे, तुपाला दुभते जनावर हवे, गुळाला रोख पैसा हवा. म्हणजे एका पोळीमागे जमीन, जनावर आणि पैसा अशा तीन मालकी उभ्या आहेत. महार-मांगांच्या बहुतेक घरांत यातली एकही नव्हती. त्यामुळे सणाची पोळी त्यांच्याकडे आली ती मागून आणलेला शिळा तुकडा म्हणून. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या तोंडात ताजी पोळी जाई. तोच बैल मेल्यावर त्याला ओढून नेणाऱ्याच्या पदरात मात्र शिळी पडे. याला परंपरा म्हणतात!

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडा असे सांगितले, ते आहारशास्त्र म्हणून नव्हे. तुकडा सोडणे म्हणजे तुकडा टाकणाऱ्याचा अधिकार नाकारणे. त्यापुढचा धडा चकवाराचा आहे. जयपूर संस्थानातील या गावी अस्पृश्यांनी आपल्याच पैशाने आपल्याच माणसांना जेवण दिले आणि पानात तूप वाढले, म्हणून सवर्णांनी लाठ्या घेऊन पंगत उधळली. बाबासाहेबांनी ही घटना १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणात नोंदविली आहे. शिळे खाल्लेले चालत होते, स्वतःच्या तुपाने ताजे खाल्लेले चालत नव्हते. अन्नाचे राजकारण समजायला याहून वेगळा पुरावा लागत नाही.

पुढे पूर्णेवर येलदरी आणि गोदावरीवर जायकवाडी ही धरणे झाली. जिल्ह्यात गहू-ऊस वाढला. पण पाणी गेले ते ज्याचे शेत होते त्याच्याकडे. भूमिहीनाच्या घरी गहू आला तो रेशनचा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो दोन रुपये किलोने मिळू लागला आणि जानेवारी २०२३ पासून फुकट झाला. परंतु त्या कायद्याच्या हक्कात डाळ नाही, गूळ नाही. कणीक सरकारची, पुरण मात्र मजुरीतून. पोळीची आजची विषमता अशी पारीच्या आत लपलेली आहे.

तरीही आमच्या वस्त्यांत १४ एप्रिलला अनेक घरी पोळी होते. तिला सोवळे नाही, नैवेद्य नाही, तिच्यासाठी कोणाच्या दारात उभे राहणे नाही. स्वतःच्या कमाईची ताजी पोळी शेजाऱ्याला बरोबरीने वाढली जाते. म्हणून माझे म्हणणे असे की नैवेद्य सोडा, पोळी सोडण्याचे कारण नाही. हरभरा काढणारे, ऊस तोडणारे हात आपलेच आहेत. मग पदार्थ परका कसा?

मात्र पोळी मिळाली म्हणून चान्यांची लाज वाटू लागली, तर आपण पुन्हा दुसऱ्याच्याच पंगतीत जाऊन बसलो असे होईल. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीची नोंद केली, हे मोठे काम आहे. शिक्षकांनी वर्गात ‘सणाला काय गोड केले?’ हा प्रश्न विचारण्याआधी समोरच्या मुलांकडे नीट पाहावे. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीला विचारावे की पहिली ताजी पोळी तिने कधी खाल्ली, आणि ते वर्ष लिहून ठेवावे. आपल्या सामाजिक इतिहासात ते वर्ष नोंदले गेले पाहिजे.