रमाईच्या नावाचे घरकुल : हक्क कोणाचा, कागद कोणते?

परळच्या चाळीतील दोन खोल्यांत माता रमाईने अनेक वर्षे संसार केला. बाबासाहेबांच्या शिक्षणासाठी आणि चळवळीसाठी हालअपेष्टा सोसल्या. त्या माऊलीच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००८ साली रमाई आवास योजना सुरू केली. ही योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठीच आहे. तरीही आपल्या कितीतरी वस्त्यांत आजही कुडाच्या भिंती आणि गळके पत्रे दिसतात. पैसा नाही हे एक कारण. नियम माहीत नाहीत हे दुसरे.

ही योजना कोणाला मिळते? अर्जदार अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध असावा. महाराष्ट्रात त्याचे १५ वर्षे वास्तव्य असावे. पक्के घर नसावे. पूर्वी कोणत्याही सरकारी योजनेतून घर घेतलेले नसावे. उत्पन्न ठरवून दिलेल्या मर्यादेत असावे. लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो आणि घर किमान २६९ चौरस फुटांचे असते.

केंद्राची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली इंदिरा आवास योजनेच्या जागी आली. तिचे मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार ठरले. शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२४ साली तिच्या अटी सैल झाल्या. पूर्वी दारात मोटारसायकल किंवा घरात फ्रीज असला तरी नाव कापले जाई. ती अट गेली. महिन्याच्या कमाईची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर गेली. मात्र तीन-चार चाकी वाहन, सरकारी नोकरी, आयकर किंवा व्यवसाय कर भरणे, अडीच एकर बागायत अथवा पाच एकर जिरायत जमीन यांपैकी काहीही असेल तर नाव बाद होते. तेव्हा फ्रीजमुळे ज्यांचे नाव गेले होते, त्यांनी निराश न होता ग्रामसेवकाकडे पुन्हा चौकशी करावी.

खरी अडचण जागेची. सातबारा, मालमत्तापत्रक किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीचा उतारा, यांपैकी एक पुरावा लागतो. आपल्याकडे बहुतेक घरे अजून आजोबांच्याच नावावर. समजा, थोरला भाऊ मुंबईत चाळीत राहतो आणि धाकटा गावी त्याच पडक्या घरात. लग्न होऊन वेगळे झालेले भाऊ योजनेच्या हिशेबात वेगळी कुटुंबे ठरतात. पण उतारा सामाईक असला की अर्ज अडतो. दिवाळीला सगळे गावी जमतात, तेव्हाच वारसनोंद करून एकमेकांना लेखी संमती द्यावी. मंजुरी आल्यावर भांडत बसलो तर घर हातचे जाते. ज्यांना जागाच नाही, त्यांना जागाखरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी अर्थसहाय्य योजना आहे. तिची चौकशी पंचायत समितीत करावी.

जातीच्या दाखल्याचाही घोळ होतो. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला, पण बौद्धांना केंद्राकडून अनुसूचित जातीचा दर्जा १९९० साली मिळाला. पूर्वाश्रमीच्या जातीचा पुरावा घरात जपून ठेवावा. आजोबांचा शाळेचा दाखला रद्दीत घालू नका.

माता-भगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्राच्या योजनेत घर पत्नीच्या नावे किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे मंजूर होते. अविवाहित, विधुर किंवा विभक्त पुरुष एवढाच अपवाद. आपले नाव कागदावर आले की नाही, हे तुम्ही स्वतः वाचून घ्या. दारू पिऊन घर विकणाऱ्याला त्यामुळे आळा बसेल.

पैसे हप्त्याहप्त्याने थेट बँक खात्यात येतात. पाया, छत अशा टप्प्यांचे फोटो अधिकारी घेतात आणि मग पुढचा हप्ता सुटतो. पहिला हप्ता लग्नकार्यात किंवा कर्ज फेडण्यात गेला तर जोते तसेच राहते. यादीत नाव घालण्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. अर्जाची पोच मात्र मागून घ्या.

याद्या ग्रामसभेत वाचल्या जातात आणि तिथेच हरकत घेता येते. त्या दिवशी आपली वस्ती मजुरीला गेली, तर आपल्याविषयीचा निर्णय दुसरेच घेतात. म्हणून प्रत्येक घरातून निदान एकाने रोज बुडवून ग्रामसभेला जावे. बुद्ध विहारात वंदनेनंतर वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींनी एक तास बसून म्हाताऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. रमाईला हेच खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!