एकाच आवारांतलीं सहा बिऱ्हाडें

सरकारी नोकराची बदली झाली म्हणजे त्याचें बिऱ्हाड गाडीवर चढतें आणि शेजारीपाजारी निरोप द्यावयास जमतात. त्या स्थलांतरास कांहीं तरी प्रतिष्ठा असते. परंतु विद्यार्थी जेथें राहून शिकतात अशा शाळेच्या आवारांत शिक्षकाचें कुटुंब एका घरांतून दुसऱ्या घरांत जातें, तेव्हां त्यास स्थलांतर असें कोणी म्हणत नाहीं. ‘येथून तेथें तर जावयाचें आहे !’ एवढ्या वाक्यानें सर्वांचें समाधान होतें. अंतर खरोखरच शंभर-दोनशें पावलांचें असतें. पण डबे, बरण्या, पाटा-वरवंटा, गाद्या, पुस्तकें आणि देव हें सारें शंभर कोस न्यावयाचें असो कीं शंभर पावलें, उचलावें तितकेंच लागतें.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबानें अशीं सहा बिऱ्हाडें केलीं. पहिलें लहान मुलांच्या वसतिगृहाच्या टोकास. कारण सात-आठ वर्षांचीं मुलें रात्रीं दचकून उठत, आणि हाकेच्या अंतरावर कोणी बाईमाणूस असावें अशी चालकांची योग्यच इच्छा होती. पुढें त्या दोन खोल्या आजारी मुलांसाठीं हव्या झाल्या, म्हणून दुसरें. मोठ्या मुलांचे रेक्टर म्हणून नेमणूक झाल्यामुळें तिसरें. ऐन आषाढांत छप्पर गळूं लागलें म्हणून, ‘दुरुस्ती होईपर्यंत’ या बोलीवर, चौथें. ती दुरुस्ती यथावकाश झाली, आणि त्या घरांत दुसरेंच कुटुंब राहावयास गेलें. पांचव्याचें कारण मला नीटसें आठवत नाहीं. घरांत विचारल्यास तिथीवारासह सांगतील. सहाव्यांतून निवृत्तीच्या दिवशीं बाहेर पडलों.

यांत अन्याय झाला असें मी म्हणत नाहीं. शाळेंतील घर शिक्षकाचें नसतें, त्याच्या कामाचें असतें. काम बदललें कीं घर बदलावें, हें न्यायास धरूनच आहे. मात्र असा निर्णय सकाळीं कार्यालयांत होतो आणि दुपारीं जेवणाच्या पानावर बसतांना तो स्वयंपाकघरांत कळतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शिक्षकास नव्या खोलींतूनही त्याच वर्गावर जावयाचें असतें. त्याच्या पत्नीस मात्र चुलीची जागा, पाण्याची वेळ, वाळवणाचें ऊन आणि मुलांच्या अभ्यासाचा कोपरा हें सर्व पुनः शोधावें लागतें. आमच्या मातोश्रींनीं तिसऱ्या घरापुढें विटांचें तुळशीवृंदावन बांधविलें होतें. रोपटें नव्या कुंडींत नेतां आलें, वृंदावन राहिलें. त्यानंतर त्यांनीं कोणत्याही दारापुढें वीट लावूं दिली नाहीं.

गुरुकुलाची परंपरा आपण अभिमानानें सांगतों. शिष्यास ‘अंतेवासी’ म्हणतात, म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा. पण तो राहावयाचा म्हणजे गुरूच्या घरांतच, हें आपण विसरतों. छांदोग्य उपनिषदांत उपकोसलाची कथा आहे. हा सत्यकाम जाबालापाशीं बारा वर्षें अग्नींची सेवा करीत राहिला. इतर शिष्यांचें समावर्तन करून गुरूंनीं त्यांस घरीं धाडिलें, यास मात्र धाडिलें नाहीं. तेव्हां याची बाजू घेऊन बोलली ती गुरुपत्नी. गुरु कांहीं न सांगतां प्रवासास निघून गेले आणि हा खिन्न होऊन जेवेना, तेव्हां त्यास जेवावयास सांगणारी, कां जेवत नाहींस म्हणून विचारणारी, तीही तीच. वसतिगृहाच्या टोकास राहणारी प्रत्येक शिक्षकपत्नी हें काम आजही करीत असते. उपनिषदानें त्या गुरुपत्नीचें नांव दिलेलें नाहीं.

वारज्याहून पुण्याकडे निघालें कीं वाटेंत कर्वेनगर लागतें. तेंच जुनें हिंगणें बुद्रुक. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला. प्लेगाच्या दिवसांत, १९०० सालीं, तो गांवाबाहेर हिंगण्यास आला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं सहा एकर जागा आणि साडेसातशें रुपये दिले, आणि तेथें एक झोपडी उभी राहिली. कर्वे तेव्हां फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. हिंगण्यापासून कॉलेजापर्यंत ते पायीं जात, पावसाळ्यांत चिखल तुडवीत, आणि वाटेंत लोकांचे कुत्सित शब्दही ऐकत. हें सारें आपण मुलांस शिकवितों, आणि शिकवावेंच.

परंतु याच काळांत कर्व्यांचें स्वतःचें घर कसें चाललें असेल, याची चौकशी किती जण करतात ? पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या आनंदीबाई १८९३ सालीं त्यांच्याशीं पुनर्विवाहानें बद्ध झाल्या, आणि मुरूडकरांनीं उभयतांवर बहिष्कार घातला. आश्रम हिंगण्यास आला तेव्हां त्यांचा दिनकर जेमतेम वर्षाचा होता. लोकांचा विश्वास बसावा म्हणून कर्व्यांनीं आश्रमाचें काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षानें वेगळें ठेविलें. धोरण म्हणून तें शहाणपणाचें होतें. पण ज्या घराची गृहिणीच पुनर्विवाहित, त्या घरास तें किती जड गेलें असेल! आनंदीबाईंची भगिनी पार्वतीबाई आठवले आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. कर्व्यांनीं आपली विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नांवें केली. झोपडीवर छप्पर चढलें तें असें. आनंदीबाईंनीं आपलें ‘माझें पुराण’ लिहिलें, तें १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. संस्थेच्या इतिहासाशेजारीं तें पुस्तक ठेवून वाचावें, अशी माझी वाचकांस विनंति आहे.

संस्थेचेंही बिऱ्हाड हलतच होतें. १९०७ सालीं महिला विद्यालय निघालें, १९१६ सालीं महिला विद्यापीठ. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लक्षांची देणगी मिळाली, आणि १९३६ सालीं विद्यापीठाचें ठाणें मुंबईस गेलें. गांधीजींचा आश्रमही १९१५ सालीं कोचरब येथें निघून १९१७ सालीं साबरमतीच्या तीरीं गेला, तोही प्लेगामुळेंच. आरंभीं तेथें राहुट्या होत्या. शांतिनिकेतनांत रवींद्रनाथांनीं तर एकाच आवारांत कोणार्क, श्यामली, पुनश्च, उदीची अशीं एकामागून एक घरें केलीं. त्यांतील श्यामली ही १९३५ सालची मातीची वास्तु. पण तें कवीच्या हौसेचें स्थलांतर. हुकुमानें हलणें निराळें.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. असें सामान बहुधा वसतिगृहांतील मुलेंच वाहून नेतात. कांहीं पालकांस हें रुचत नाहीं. मला त्यांत गैर दिसत नाहीं. मात्र मुलांनीं आपण होऊन यावें आणि परीक्षेच्या दिवसांत येऊं नये. आमच्या चौथ्या बिऱ्हाडाच्या वेळीं चौदा मुलांनीं भर पावसांत पुस्तकांचीं कपाटें हलविलीं. सर्वांस पुरेल इतके कांदेपोहे करावयाचे तर शेगडी अजून जुन्या घरींच होती.

चालकांनीं करावयाचें तें फार नाहीं. हलविण्यापूर्वीं घरच्या बाईस एकदां विचारावें, निदान महिनाभर आधीं कळवावें, आणि ‘दुरुस्तीपुरतें’ म्हटलें तर तो शब्द पाळावा. भिंतीस खिळा मारूं नये असा नियम आमच्या आवारांत होता. गिलावा खराब होतो हें खरें, पण कोणाचीही तसबीर न टांगतां वर्षानुवर्षें राहणेंही सोपें नाहीं.

निवृत्तीनंतर वारज्यास तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचें घर घेतलें. पहिल्याच आठवड्यांत पत्नीनें विचारलें, “येथें खिळा मारावयाचा तर कोणाची परवानगी घ्यावी लागते हो ?” कोणाचीच नाहीं, असें मीं सांगितलें. त्याच दुपारीं तिनें सुताराकडून सात खिळे ठोकून घेतले.