साक्षीदाराचा पिंजरा

मुंबईच्या उपनगरांतल्या सामान्य माणसाची न्यायसंस्थेशी पहिली गाठ पुष्कळदा साक्षीच्या समन्सामुळे पडते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, अथवा घाटकोपरकरांसाठी विक्रोळी येथील दंडाधिकाऱ्यांपुढे, आणि पश्चिमेकडील खटला सत्र न्यायालयात गेला असल्यास दिंडोशीस, अमुक तारखेस हजर राहावे असा तो हुकूम असतो. या शहरात एके काळी खटला चालवण्याजोगा आहे की नाही हे आरंभीच ठरवणारी ग्रँड ज्युरी होती. ती १८६५ साली रद्द झाली, आणि १९५९ च्या नानावटी खटल्यानंतरच्या काळात उरलेली ज्युरीही गेली. आज साक्ष ऐकतो तो एकटा न्यायाधीश, आणि म्हणून साक्षीदाराचे शब्द जसे टिपले जातात त्यालाच सारे मोल.

तत्पूर्वी पोलिसांनी जबाब घेतलेला असतो. स्त्रियांना, साठीपुढील पुरुषांना आणि आजाऱ्यांना त्यासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. आणि तपासातील त्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ठाण्यात लिहिल्या गेलेल्या मजकुराशी त्याला जखडून न ठेवता न्यायासनासमोर त्याने मुक्तपणे बोलावे, हा त्यातील हेतू आहे.

न्यायालयात पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात तिष्ठावे लागते. हजर साक्षीदारास तपासल्यावाचून तारीख देऊ नये, दिलीच तर विशेष कारणे लेखी नोंदवावीत असे कायदा सांगतो. तरी दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस पुढची तारीख घेऊन परततो, याचे मनस्वी दुःख होते. पिंजऱ्यात चढल्यावर ईश्वराची शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा घ्यायची. मग सरतपास होतो, ज्यात उत्तर सुचवणारे प्रश्न सहसा विचारता येत नाहीत. त्यानंतर उलटतपास, ज्यात ते विचारता येतात. येथे अननुभवी मनुष्य दुखावला जातो. आपण घटनास्थळी नव्हताच, पोलिसांच्या सांगण्यावरून खोटे बोलत आहात, असे आरोपीचा वकील तोंडावर म्हणतो. परंतु अशिलाची बाजू साक्षीदारापुढे मांडणे हे त्याचे कर्तव्यच असते, आणि त्यावर रागावण्याऐवजी शांतपणे नकार दिला की ‘हे म्हणणे खरे नाही की’ अशा आरंभाचे वाक्य जबानीत उतरते. जे पाहिले तेवढेच सांगावे. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावे. सरकार पक्षाला किंवा आरोपीला खूश करण्याचा मोह झाला की साक्ष डळमळू लागते.

जबानी पुरी झाल्यावर ती साक्षीदारास वाचून दाखवली पाहिजे, परभाषेत लिहिली असल्यास समजावून सांगितली पाहिजे. त्याने चूक दाखवली तर न्यायाधीश ती दुरुस्त करू शकतो, किंवा त्याची हरकत नोंदवून ठेवतो. थकलेला माणूस नेमक्या या क्षणी घाईने सही करून निघतो, ही खेदाची गोष्ट. अंतर, वेळ, दिव्याचा उजेड यांविषयींचा एक चुकलेला शब्द पुढे अपिलापर्यंत जातो. वाचन लक्षपूर्वक ऐकावे, अडले तेथे विचारावे.

कुणी धमकावत असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. फौजदारी खटल्यात प्रवासखर्च व भत्ता शासकीय नियमांनुसार देववण्याचा अधिकार न्यायालयास आहे. तो भत्ता मागण्यात संकोच वाटू देऊ नये, निघण्यापूर्वी न्यायालयाच्या कारकुनाकडे चौकशी करावी.