पूर्वलक्षी म्हणजे काय? अर्थ, समानार्थी शब्द आणि मुलीच्या हिश्श्याचा प्रश्न

आजच्या भागातला शब्द तुम्ही बातम्यांत नक्की ऐकला असेल. 'अमुक निर्णय पूर्वलक्षी प्रभावाने लागू.' ऐकायला जड वाटतो, पण फोड केली की सोपा आहे. पूर्व म्हणजे आधीचं आणि लक्षी म्हणजे लक्ष असलेला. ज्याचं लक्ष मागच्या काळाकडे आहे, तो पूर्वलक्षी. नियम आज केला, पण तो लागू मात्र मागच्या एखाद्या तारखेपासून होतो.

घरातलं उदाहरण घ्या. केंद्र सरकार महागाई भत्त्याची वाढ बहुतेक वेळा मार्चच्या सुमारास जाहीर करतं, पण ती लागू होते १ जानेवारीपासून. मग मधल्या महिन्यांचे पैसे एकदम हातात येतात. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर 'फरक मिळाला' हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. तो फरक म्हणजे पूर्वलक्षी निर्णयाचीच कमाई.

आता समानार्थी शब्द. कायद्याच्या मराठीत 'भूतलक्षी' हा शब्दही चालतो. इथलं भूत म्हणजे भूतकाळ, घाबरू नका! 'पूर्वप्रभावी' असंही लिहितात. आणि साध्या बोलीत सांगायचं तर 'मागच्या तारखेपासून लागू'. याच्या विरुद्ध 'भविष्यलक्षी', म्हणजे इथून पुढे लागू.

दोन शब्दांशी मात्र गल्लत करू नका. 'पूर्ववत' म्हणजे पहिल्यासारखं. वीज पूर्ववत झाली, वाहतूक पूर्ववत झाली. आणि 'सिंहावलोकन' म्हणजे चालता चालता सिंहासारखं मागे वळून बघणं. सिंहावलोकनात आपण मागे नुसतं बघतो. पूर्वलक्षी निर्णय मागे बघतो आणि मागचा हिशोबही बदलतो. म्हणूनच तो कुणाला फायद्याचा ठरतो, तर कुणाला धक्का देतो.

धक्क्याचं गाजलेलं उदाहरण व्होडाफोनचं. कंपनीने २००७ मध्ये एक व्यवहार केला. त्यावर कर लागतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनी जिंकली. त्याच वर्षी सरकारने आयकर कायद्यात दुरुस्ती केली आणि ती थेट १९६२ पासून लागू केली! त्यावर जगभर टीका झाली. शेवटी २०२१ मध्ये सरकारने नवा कायदा करून अशा जुन्या व्यवहारांवरची ही कराची मागणी सोडून दिली.

मग सरकार काहीही पूर्वलक्षी करू शकतं का? नाही. शिक्षेच्या बाबतीत संविधानाने दार बंद केलंय. कलम २० (१) सांगतं, की एखादी गोष्ट केली तेव्हा ती गुन्हा नसेल, तर नंतर कायदा करून तुम्हाला त्यासाठी दोषी ठरवता येत नाही. आणि गुन्हा केला तेव्हा जेवढी शिक्षा होती, त्याहून जास्त शिक्षाही देता येत नाही.

आता येऊ या थेट आपल्या घरात. हिंदू उत्तराधिकार कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मोठा बदल झाला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच हक्क मिळाला. महाराष्ट्राने अशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या कायद्यात लग्नाची ही अट नाही.

पण प्रश्न उरला. वडील २००५ च्या आधीच वारले असतील तर? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कायदा भविष्यलक्षी आहे, त्या तारखेला मुलगी आणि वडील दोघंही हयात हवेत. कितीतरी बहिणींचा हिस्सा इथेच अडकला. मग ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, की मुलीचा हक्क जन्माने येतो. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही.

इथे न्यायालयाने एक बारीक फरक केला. हा कायदा रिट्रोस्पेक्टिव्ह नाही, रिट्रोॲक्टिव्ह आहे, असं ते म्हणालं. मराठीत दोन्हींना आपण सर्रास पूर्वलक्षीच म्हणतो, म्हणून नीट समजून घ्या. हक्क वापरता येतो ९ सप्टेंबर २००५ पासून पुढेच, पण त्याचा आधार मागे घडलेली घटना आहे, म्हणजे मुलीचा जन्म. त्यामुळे मागचं सगळं मोडलं जात नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते. त्याआधी झालेली विक्रीही कायम राहते. हीच तारीख का? कारण त्या दिवशी हे विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं होतं. 'आमची तोंडी वाटणी कधीच झाली' एवढं म्हणून मात्र सहसा भागत नाही. त्याला पक्का कागदोपत्री पुरावा लागतो.

बघा, एका विशेषणावर कुणाच्या तरी जमिनीचा हिस्सा ठरला. म्हणून पुढच्या वेळी 'पूर्वलक्षी' ऐकलंत की तीन प्रश्न विचारा. नेमकं कोणत्या तारखेपासून? त्यात फायदा आहे की बोजा? आणि आधी पक्कं झालेलं काय शाबूत राहणार? घरात कुणी ताईला किंवा आत्याला हक्कसोड पत्रावर सही करायला सांगत असेल, तर सहीच्या आधी तारखा तपासा आणि वकिलाला विचारा.

हा भाग त्या ताईला, आत्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या शब्दासोबत!