गुण, बिल्ले आणि सलग दिवसांचा आकडा

अभ्यासात खेळाची तंत्रं आणण्याचं सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे २०१२मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारं ॲप. लुईस फॉन आन आणि सेव्हेरिन हॅकर यांनी ते पिट्सबर्गमध्ये उभारलं.

त्याची खरी ताकद ‘स्ट्रीक’मध्ये, म्हणजे सलग किती दिवस धडा केला त्या आकड्यात आहे. आकडा वाढला की तो गमावणं जिवावर येतं, म्हणून शिकणारा रोज परततो. एखादा दिवस चुकला तर आकडा वाचवणारी ‘स्ट्रीक फ्रीझ’ ही सोय मला फार मोलाची वाटते. एका आजारपणाने कुणाचा हुरूप का जावा? आठवड्याच्या लीगबाबत, म्हणजे शिकणाऱ्यांच्या गुणांवरून लागणाऱ्या क्रमवारीबाबत मात्र जपायला हवं. वर चढण्यासाठी सोपे, येणारेच धडे पुन्हा गिरवण्याचा मोह होतो.

बक्षिसाची दुसरी बाजू जुनीच आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३च्या प्रयोगात चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना बक्षीस आधी कबूल केलं, तेव्हा नंतर त्यांची चित्रांची ओढ घटली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची घटली नाही. हॅनस आणि फॉक्स यांनी २०१५मध्ये मांडलेला १६ आठवड्यांचा अभ्यास ऑनलाइन नव्हे, महाविद्यालयीन वर्गातला. पण बिल्ले आणि क्रमवारी असलेल्या वर्गात शिकण्याची आंतरिक प्रेरणा आणि समाधान दोन्ही कमी आढळलं.

म्हणून कोर्स आखणाऱ्यांनी क्रमवारी ऐच्छिक ठेवावी आणि बिल्ला व्हिडिओ संपवल्याबद्दल नव्हे, अवघड उदाहरण सुटल्यावर द्यावा.