फोर्टिंगलचे चर्च आणि तेथील पुरातन यू वृक्ष

स्कॉटलंडच्या मध्यभागी पर्थशायर हा डोंगराळ मुलूख आहे. त्यातील अबरफेल्डी या छोट्या शहरापासून पश्चिमेस सुमारे तेरा किलोमीटरवर, लायन नदीच्या खोऱ्याच्या तोंडाशी, फोर्टिंगल नावाचे खेडे वसले आहे. मोजकी घरे, त्यांतील काही गवताने शाकारलेली, आणि मध्ये दगडी चर्च, एवढाच या गावाचा पसारा. तरीही देशोदेशीचे प्रवासी वाट वाकडी करून येथे येतात ते चर्चच्या आवारातील एका वृक्षासाठी. हा यू जातीचा वृक्ष ब्रिटनमधील अतिप्राचीन वृक्षांपैकी एक मानला जातो.

चर्चची आजची वास्तू फारशी जुनी नाही. या भागातील जमीनदारी विकत घेतलेले जहाजमालक सर डोनाल्ड करी यांच्या आश्रयाने ती १९००-०२ च्या सुमारास उभी राहिली. जागा मात्र फार पुरातन आहे. ख्रिस्ती धर्म या डोंगरी भागात नुकताच रुजत होता, त्या काळापासून येथे उपासना होत आली असावी. प्राचीन क्रूसांचे कोरीव दगडी तुकडे येथे सापडले असून ते चर्चमध्ये जतन करून ठेवले आहेत. त्याच काळातील, सातव्या शतकाच्या सुमाराची मानली जाणारी एक हातघंटा शतकानुशतके या चर्चच्या ताब्यात होती. २०१७ मध्ये ती चोरीस गेली.

खुद्द वृक्षापाशी पोहोचल्यावर मात्र अनेकांची प्रथमदर्शनी निराशाच होते. विशाल बुंध्याची कल्पना करून आलेल्या प्रवाशाला दगडी भिंतीच्या कुंपणाआड गर्द हिरव्या फांद्यांची काही वेगवेगळी, मध्यम उंचीची झाडे दिसतात. वस्तुतः ही निरनिराळी झाडे नसून एकाच प्रचंड खोडाचे उरलेले भाग आहेत. १७६९ मध्ये डेन्स बॅरिंग्टन यांनी या खोडाचा घेर मोजला, तेव्हा तो ५२ फूट, म्हणजे जवळजवळ १६ मीटर भरला. टॉमस पेनंट या प्रवासवर्णनकाराने तर ५६ फुटांहून अधिक घेर नोंदविला आहे. खोड त्या वेळीच दुभंगलेले होते. दोन भागांमधील वाटेने गावातील अंत्ययात्रा नेल्या जात, अशी आठवण सांगितली जाते.

हे महाकाय खोड गेले कोठे? पुष्कळसा भाग वार्धक्याने कुजला. मे महिन्यातील बेल्टेन सणाच्या होळ्या बुंध्याशी पेटवीत, त्यामुळेही झाडाला इजा झाली असे म्हणतात. परंतु मोठा वाटा माणसांच्या कौतुकाचा आहे! येणारा-जाणारा स्मृतिचिन्ह म्हणून लाकडाचा तुकडा कापून नेऊ लागला. प्याले व शोभेच्या वस्तू करण्यासाठी मोठमोठ्या फांद्या आणि खोडाचे भागसुद्धा नेले गेल्याची नोंद १८३३ मधील आहे. त्याला आळा घालण्यासाठी १७८५ च्या सुमारास भोवती भिंत बांधण्यात आली होती. म्हणजे भिंतीनंतरही ही लूट आठवणीतून पुसली गेली नव्हती.

वृक्षाचे वय किती, या प्रश्नाला नेमके उत्तर नाही. झाडाचे वय खोडातील वार्षिक वलयांवरून काढतात. पण जुन्या यूचा गाभा पोकळ होतो आणि सर्वांत जुनी वलये त्याबरोबर नाहीशी होतात. म्हणून घेर आणि वाढीची मंद गती यांवरून अंदाज बांधावा लागतो. सर्वसाधारण अंदाज दोन ते तीन हजार वर्षांचा असून काहींनी तो पाच हजारांपर्यंत नेला आहे. रोमन अधिकारी पिलात याचा जन्म याच गावी झाला, अशी दंतकथा येथे ऐकावयास मिळते. मात्र पिलाताने यहुदियाचा कारभार इ. स. २६ ते ३६ या काळात पाहिला आणि रोमन सैन्य स्कॉटलंडमध्ये शिरले ते त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, हे ध्यानी घेतले की कथेचे मोल आपोआप ठरते.

यू हा सदाहरित सूचिपर्णी वृक्ष असून त्याच्या बीभोवतीच्या लाल गराखेरीज सर्व भाग विषारी असतात. त्याच्या कुळातील रसायनांपासून कर्करोगावरील औषधे तयार झाली. हिमालयातील थुनेर हा त्याचा भाऊबंद. औषधाच्या मागणीपायी त्याचीही बेसुमार तोड झाली आहे. यूमध्ये नर व मादी वृक्ष सामान्यतः वेगवेगळे असतात. फोर्टिंगलचा वृक्ष नर म्हणून परिचित होता. २०१५ मध्ये मात्र एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानातील एका वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याच्या वरच्या एका फांदीवर तीन लाल फळे आढळली. वृक्षाचा बाकीचा भाग नरच राहिला आणि एकच फांदी मादी झाली होती. यूमध्ये असा पालट क्वचित होतो. त्याचे कारण निश्चित कळलेले नाही.

दुखापतीचे जुने दुखणे अद्याप संपलेले नाही. प्रवासी भिंत ओलांडून आत शिरतात, डहाळ्या तोडून नेतात, फांद्यांना फिती व मणी बांधतात, अशी चिंता वृक्षाची देखभाल करणाऱ्यांनी २०१९ मध्ये व्यक्त केली. आवारात येण्यास मज्जाव नसला, तरी भिंतीबाहेरून पाहणेच योग्य, आणि पाहण्यासारखे तेथून पुष्कळ दिसते. दरम्यान या वृक्षाची कलमे घेण्यात आली आहेत. एडिंबरोच्या उद्यानात प्राचीन यूंच्या कलमांपासून कुंपण वाढविले जात आहे. त्यात फोर्टिंगलच्या वृक्षालाही स्थान मिळाले आहे.