ऑनलाईन दुकानाचे पहिले गिऱ्हाईक

नागपूर शहराच्या पश्चिमेस, अमरावती मार्गावर वाडी वसलेली आहे. मालवाहतूक कंपन्या व मोठमोठी गोदामे ही या गावाची ओळख. दूरदूरच्या प्रांतांतून आलेला माल येथे उतरतो आणि पुन्हा चहूकडे रवाना होतो. अशा गावातील एखाद्या महिला बचत गटाने कुरड्या, मूगवड्या वा सावजी मसाला विकण्यासाठी ऑनलाईन दुकान उघडले, तर माल पाठविण्याची सोय दाराशीच आहे. अडचण असते ती पहिल्या गिऱ्हाइकाची.

विश्वासाचा प्रश्न

आठवडी बाजारात गिऱ्हाईक वस्तू हाताळून पाहते आणि विकणारीला ओळखते. मोबाईलवर मात्र त्याच्यापुढे केवळ छायाचित्र असते. दुकान साऱ्या देशाला खुले होते हे खरे. परंतु खुले असणे आणि लोकांच्या नजरेस पडणे या भिन्न गोष्टी होत. म्हणून पहिली विक्री अनोळखी माणसाकडे नव्हे, तर ज्याने ही चव पूर्वी चाखली आहे त्याच्याकडे शोधावी. पुण्यास नोकरीला गेलेला शेजारी, मुंबईस दिलेली लेक यांना दुकानाचा पत्ता स्वतंत्रपणे कळवावा. मात्र वस्तू भेट म्हणून देऊ नये. त्यांनी दुकानातूनच, पूर्ण किमतीस मागणी नोंदवावी. पैसे जमा होतात काय, वेष्टन टिकते काय, पार्सल किती दिवसांत पोहोचते, याची परीक्षा त्यातूनच होते. त्यांनी दिलेला खरा अभिप्राय पुढील अनोळखी गिऱ्हाइकास धीर देतो. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच अभिप्राय लिहिण्यास २०२० च्या ई-वाणिज्य ग्राहक संरक्षण नियमांनी मनाई केलेली आहे.

वाहतूक खर्चाचे गणित

वस्तू पसंत पडूनही शेवटी दिसणारा वाहतूक खर्च पाहून अनेक ग्राहक माघार घेतात. कुरड्या वजनाने हलक्या, पण जागा फार व्यापतात. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये गुणून त्यास ५००० ने भागतात आणि येणारे वजन प्रत्यक्ष वजनाहून अधिक असल्यास त्यावर आकार घेतात. ३०, २० व १५ सेंटीमीटरच्या खोक्यातील अर्धा किलो कुरड्यांचे वजन अशा रीतीने १.८ किलो धरले जाते. यास्तव खोके बेताचे निवडून, वाहतूक खर्च आधीच हिशेबात धरून किंमत ठरविणे हिताचे.

कायदेशीर बाबी

खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी आवश्यक आहे. वेष्टनावर निव्वळ वजन व कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. विहित मर्यादेहून कमी उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून ई-वाणिज्य मंचावरून राज्यांतर्गत मालविक्रीसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. केवळ नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हा आरंभीची गिऱ्हाइके राज्यातच शोधणे सोयीचे ठरते.

मार्गदर्शकांचे कार्य

दुकान उघडून देताच प्रशिक्षण संपले, अशी समजूत अनेकदा होते. वास्तविक खरी गरज त्यानंतर सुरू होते. महिनोन्महिने एकही मागणी आली नाही, तर साहित्यात गुंतलेली गटाची बचत अडकते आणि सभासद स्त्रियांचा उमेदही खचतो. शिक्षकाने वस्तूचे नेमके वर्णन लिहून द्यावे, पंचायत सदस्याने बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांशी संपर्क घडवून आणावा, अधिकाऱ्याने पहिल्या पार्सलपर्यंत पाठपुरावा करावा. पहिल्या गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा मागणी नोंदविली, की दुकान रुजले असे समजावे.